फोर्टातली न कोरलेली नावं

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भागावर, मोठ्या घड्याळाच्या खाली, एक रिकामा कोनाडा आहे. वर नक्षीचं छत्र, बाजूला खांब आणि मधे कोणीच नाही. तिथे राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो उतरवला गेला, कोनाडा मात्र तसाच राहिला. रस्त्यापलीकडून, महापालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावर उभं राहिलं की तो नीट दिसतो. मुंबईतल्या जुन्या इमारती पाहायला निघालेल्या माणसाला मी पहिल्यांदा हा कोनाडा दाखवतो. या शहराच्या दगडांमध्ये कोणाला जागा मिळाली, कोणाची गेली आणि कोणाला ती कधी मिळालीच नाही, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

फोर्ट बघायचा तर रविवारी सकाळी. ऑफिसं बंद, फुटपाथ मोकळे, गल्ल्यांत पोरांचं क्रिकेट. एरवी लोकल पकडायच्या घाईत मान खाली घालून चालणारा माणूस अशा सकाळी मान वर करू शकतो, आणि इथलं बघण्यासारखं सगळं वरच आहे.

स्टेशनचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि १८८८ मध्ये संपलं. मधल्या काळात, १८८७ मध्ये, राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून तिचं नाव दिलं गेलं. खर्च आला १६ लाख १४ हजार रुपये. वास्तुशिल्पी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. इथवरची माहिती कुठल्याही पुस्तकात मिळते. पण स्टीव्हन्सच्या हाताखाली सहायक अभियंता म्हणून सीताराम खंडेराव वैद्य होते आणि देखरेखीला एम. एम. जनार्दन होते, हे किती जणांना माहीत असतं? कमानींवर, खांबांच्या माथ्यांवर, जाळ्यांवर जे मोर, माकडं, खारी, पानंफुलं दिसतात ती जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातची. त्यांचे शिक्षक होते जॉन ग्रिफिथ्स. गॉथिक शैली युरोपातली, पण तिच्यात वावरणारे प्राणी इथल्या रानातले आणि अंगणातले. ते कोरणारी मुलंही इथलीच. डोळे सरावले की दर वेळी एखादा नवा प्राणी सापडतो. तिकीट खिडक्यांच्या दालनात हे काम अगदी जवळून बघता येतं. तिथे रांगेत उभं राहणाऱ्यांनी एकदा तरी वर पाहावं.

दर्शनी भिंतीवर दगडी चेहरेही आहेत. जी. आय. पी. रेल्वेच्या संचालकांचे. त्यात सर जमशेटजी जीजीभॉय आहेत आणि जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना शंकरशेट, आहेत. मुंबईत रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून खटपट करणाऱ्यांत नाना होते. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे. ही आजची इमारत तेव्हा नव्हती आणि नानांनी ती पाहिलीही नाही; १८६५ मध्ये ते गेले. तरी त्यांचा चेहरा तिच्यावर आहे. राणी उतरली आणि नाना राहिले, याचं मला मनापासून समाधान वाटतं.

स्टेशनकडून दक्षिणेला चालायला लागलं की आपण खरं तर एका नाहीशा झालेल्या किल्ल्यात शिरतो. ‘फोर्ट’ हे नाव उरलं, किल्ला गेला. ईस्ट इंडिया कंपनीने शहराभोवती तट बांधला होता. त्याला तीन मुख्य दरवाजे होते : अपोलो गेट, चर्चगेट आणि बझार गेट. तटाबाहेरच्या खंदकाची गोष्ट मराठी वाचकाच्या जवळची आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि मुंबईत इंग्रजांच्या पोटात गोळा आला. मराठी फौजा आता खाडीपलीकडे येऊन ठेपल्या होत्या. मग घाईघाईने खंदक खणायचं ठरलं आणि त्यासाठी शहरातल्या व्यापाऱ्यांनी ३० हजार रुपये दिले. आज त्या खंदकावरून बसगाड्या धावतात. सव्वाशे वर्षांनी, १८६२ नंतर, गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात तट पाडले आणि खंदक बुजवले. त्यातून मोकळी झालेली जमीन सरकारी इमारतींना मिळाली, काही विकली गेली. आज जागतिक वारसा म्हणून आपण जी इमारतींची रांग मिरवतो, ती त्या पाडलेल्या तटाच्या जागेवर आणि त्यापुढच्या मैदानावर उभी आहे. तटाचा एक तुकडा अजून सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शिल्लक आहे. काळपट दगडाची जाड भिंत, बाकी काही नाही. पण ती बघून पुढे गेलं की नकाशा डोक्यात पक्का बसतो.

हॉर्निमन सर्कलला झाडांची गर्द सावली आहे. इथे पूर्वी मोकळं मैदान होतं आणि त्यावर कापसाच्या गाठी रचलेल्या असत. त्या जागी गोल बाग आली आणि भोवती एकसारख्या इमारतींचं कडं उभं राहिलं. गव्हर्नर एल्फिन्स्टनचं नाव जाऊन बागेला नाव मिळालं ते बेंजामिन हॉर्निमन या इंग्रज संपादकाचं. ‘बॉम्बे क्रॉनिकल’मधून इंग्रज सरकारवर कोरडे ओढल्याबद्दल १९१९ मध्ये त्याच सरकारने त्यांना देशाबाहेर घालवलं होतं. गव्हर्नराच्या जागी पत्रकाराचं नाव लागावं, हे या शहराला शोभून दिसतं.

समोर टाउन हॉल. तीस पायऱ्या आणि इंग्लंडहून आणलेले डोरिक खांब. या इमारतीसाठी पैसे उभे करायला चक्क लॉटऱ्या काढल्या होत्या. त्या पैशाने काम भागलं नाही, शेवटी कंपनी सरकारने भर घातली आणि १८३३ मध्ये इमारत पूर्ण झाली. ग्रंथांचं भांडार असलेली एशियाटिक सोसायटी इथेच आहे. १८४० पर्यंत हिंदी माणसाला तिचं सभासदत्व मिळत नसे. पुढे याच संस्थेत भाऊ दाजी लाड, भारतरत्न पां. वा. काणे अशी माणसं वावरली. कोकणातून आलेल्या काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड लिहिले, त्या परिश्रमांशी या वास्तूचं नाव जोडलेलं आहे. पायऱ्यांवर बसून फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने दहा मिनिटं आत डोकवावं. आत संगमरवरी पुतळे आहेत, त्यातही नाना शंकरशेट भेटतात.

तिथून वीर नरिमन मार्गाने हुतात्मा चौकात यायचं. या चौकाबद्दल थोडक्यात लिहिणं मला जमत नाही.

चौकातलं कारंजं आहे ते चर्चगेट या दरवाजाच्या जागी. १८६४ चं. मुळात ते भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी बनवलं जात होतं आणि त्याला फ्रिअरचं नाव द्यायचं होतं. खर्च झाला ४७ हजार रुपये, त्यातले २० हजार कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांनी दिले. पोर्टलंडच्या दगडात जेम्स फोर्सिथ याने घडवलेली फ्लोरा, रोमनांची फुलांची देवी, बागेत जायच्या ऐवजी शहराच्या ऐन मध्यावर येऊन उभी राहिली. २०१७ मध्ये कारंज्याच्या दुरुस्तीसाठी खोदकाम चालू असताना जमिनीखाली ट्रामचे रूळ सापडले. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, मग विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली. रूळ उखडायची तसदीही कोणी घेतली नव्हती, वरून डांबर ओतलं होतं.

इथून जवळच टेलिग्राफ ऑफिसपाशी राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा होता. मॅथ्यू नोबल याने घडवलेला, दगडी छत्राखाली सिंहासनावर बसलेला. तो मुंबईला दिला होता बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी, आणि १८७२ मध्ये तो मोठ्या थाटात उघडला गेला. १८९६ च्या ऑक्टोबरात एका रात्री त्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं आणि गळ्यात जोड्यांची माळ पडली. ते कोणी केलं हे पोलिसांना लागलं नाही. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा वध झाला, दामोदर चापेकर पकडले गेले आणि त्यांच्याच कबुलीतून पुतळ्याचाही उलगडा झाला. एका मराठी संस्थानिकाने बसवलेल्या पुतळ्याला एका मराठी तरुणाने डांबर लावलं. त्या पिढीची सगळी ओढाताण या दोन घटनांत दिसते.

आणि मग २१ नोव्हेंबर १९५५. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी लोक फ्लोरा फाउंटनला जमले. पोलिसांनी गोळीबार केला. १५ जण ठार झाले. पुढच्या काळात हा आकडा वाढत गेला. १०६ हुतात्मे हे शब्द मराठी माणसाच्या तोंडी कायमचे बसले. १ मे १९६० ला राज्य झालं, चौकाला हुतात्मा चौक नाव मिळालं आणि मशाल हाती घेतलेल्या शेतकरी-कामगारांचं स्मारक उभं राहिलं. कारंजं आणि स्मारक आज शेजारी शेजारी आहेत. परदेशी पाहुणे कॅमेरा फ्लोराकडे वळवतात, त्यात त्यांचा दोष नाही. पण आपण तरी हुतात्म्यांची नावं थांबून वाचावीत. त्यात मोठ्या घराण्यांची नावं फारशी नाहीत. कामगारवस्त्यांतली, चाळींतली साधी नावं आहेत, आणि माझ्या मते या संपूर्ण भागातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर तोच आहे.

चौकातून पुढे गेलं की उच्च न्यायालय आणि विद्यापीठ. दोन्ही इमारती ओव्हल मैदानाकडे तोंड करून आहेत. त्या बांधल्या तेव्हा मैदानापुढे रेल्वेची लाइन होती आणि लाइनीपुढे थेट समुद्र. मैदानापलीकडच्या गोलसर सज्जांच्या आर्ट डेको इमारती १९३० च्या दशकातल्या, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवरच्या. इकडची व्हिक्टोरियन गॉथिक रांग आणि तिकडची आर्ट डेको रांग, मधे हिरवं मैदान, असं मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं.

राजाबाई टॉवरची उंची २८० फूट. पैसे प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका आला की बँका आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या रोज निघू लागल्या. प्रेमचंद त्या बाजाराचे राजे होते. १८६४ मध्ये त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, १ जुलैला वायद्यांचे हिशेब फिटेनात आणि अख्खं शहर बुडालं. त्यात प्रेमचंदही बुडाले. देणगी मात्र त्याआधीच विद्यापीठाच्या हाती आली होती. म्हणून मनोरा झाला. काम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये संपलं. कापसाच्या त्या वेडातून जे थोडं टिकाऊ उरलं, त्यातला हा मनोरा सर्वांत देखणा आहे.

आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत, नकाशे लंडनहून आले. मग इथे उभं राहून ते प्रत्यक्षात आणलं कोणी? मनोऱ्यावर वर कोनाड्यांमध्ये माणसांच्या दगडी मूर्ती आहेत. पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या २४ आकृती. त्यांची पागोटी, त्यांचे अंगरखे. त्यांचे नमुने तयार केले सहायक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. स्कॉटला हे लोक ठाऊक असणं शक्यच नव्हतं. मुकुंद रामचंद्रांनी ते रोज रस्त्यात पाहिले होते. दगड पोरबंदरचा. खालून साध्या डोळ्यांना त्या मूर्ती पुसट दिसतात. दुर्बीण घेऊन जा आणि ओव्हलच्या कुंपणाशी उभे राहा. एका इंग्रजी मनोऱ्यावर आपली माणसं चढून बसली आहेत हे बघताना छाती भरून येते.

दगड फोडणारे आणि पाट्या वाहणारे कोण होते, तेही सांगायला हवं. तेलंगणातून, निजामाच्या राज्यातून आलेले कामाठी मजूर मुंबईच्या बांधकामांवर राबले. कामाठीपुरा ही वस्ती त्यांच्यावरून ओळखली जाते. त्या वस्तीचं नाव आज लोक वेगळ्याच कारणाने घेतात. तिच्या रहिवाशांनी हे शहर बांधलं आहे, याची आठवण फारशी कोणी काढत नाही, आणि मला तो मोठा अन्याय वाटतो.

उच्च न्यायालयाची इमारत कर्नल फुलर यांची, १८७१ ते १८७८ या काळातली. मंजूर रकमेपेक्षा २,६६८ रुपये कमी खर्चात ती पूर्ण झाली. आजच्या सरकारी बांधकामांशी संबंध असलेल्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा. तिथल्या एका खांबावर हातात तराजू धरलेलं, एक डोळा झाकलेलं माकड कोरलेलं आहे. कोणा नाराज कंत्राटदाराने ते मुद्दाम कोरवलं अशी आख्यायिका सांगतात. पण या इमारतीत जायचं ते माकडासाठी नव्हे. मधल्या मोठ्या न्यायदालनात जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ती होते दिनशा दावर. १८९७ मध्ये हेच दावर टिळकांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी टिळकांना दोषी ठरवलं. २२ जुलैला रात्री सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि गिरणगावातल्या कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. निकालानंतर टिळकांनी काढलेले उद्गार १९५६ मध्ये त्याच न्यायदालनाबाहेर संगमरवरावर कोरले गेले. त्या फलकाचं अनावरण मुख्य न्यायाधीश छागला यांनी केलं. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्यानेच ते शब्द आपल्या भिंतीवर लावले, याला मोठेपणा म्हणतात.

काळा घोडा भागात एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, जहाजाने आणला आणि इथे जोडला, १८६७ ते १८६९. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चित्रपट इथे दाखवले गेले, तिकीट एक रुपया. त्या खेळांनी भारलेले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये कुस्तीचं चित्रीकरण केलं. भारतीय चित्रपटाचं मूळ शोधायचं तर इथे यावं लागतं. ही इमारत २०१९ मध्ये धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली. तिचे जंग खाल्लेले सज्जे बघवत नाहीत. असा वारसा दुसरीकडे कुठे असता तर काचेत जपला असता.

ताजमहाल हॉटेलबद्दल एक भाकड गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते : इमारत उलटी बांधली गेली आणि वास्तुशिल्पीने जीव दिला. हे खोटं आहे. घोडागाड्यांचा प्रवेश शहराच्या बाजूने ठेवला होता, पुढे तो बदलला, इतकंच. खरी गोष्ट जास्त मोलाची आहे. या हॉटेलाचा मूळ आराखडा होता सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. बोरीबंदराच्या स्टेशनवर स्टीव्हन्सचे सहायक होते तेच हे वैद्य. पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं आणि १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं. स्टेशनवर दुसऱ्याच्या आराखड्याखाली राबलेला मराठी अभियंता पंधरा वर्षांत स्वतः आराखडा काढणारा झाला, आणि त्याच्या कामासमोर उभे राहून रोज हजारो लोक फोटो काढतात.

गेटवे ऑफ इंडियाचं म्हणाल तर राजा पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ ला इथे उतरला तेव्हा त्याने पाहिली ती पुठ्ठ्याची तात्पुरती कमान. दगडी बांधकाम १९२४ मध्ये पूर्ण झालं, जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणे. पिवळसर दगड मालाडजवळच्या खारोडीचा, जाळ्या ग्वाल्हेरच्या. सुमारे २१ लाख रुपये लागले आणि पैसे संपल्यामुळे समोरून येणारा भव्य रस्ता कधी झालाच नाही. म्हणून ही कमान आजही रस्त्याला तिरकी वाटते. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, याच कमानीतून बोटीवर चढली. १९६१ च्या प्रजासत्ताक दिनी समोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला.

उतरवलेल्या राजेराण्या पाहायच्या असतील तर भायखळ्याला जा. १८७२ मध्ये उघडलेल्या आणि आज भाऊ दाजी लाड यांचं नाव असलेल्या संग्रहालयाच्या आसपास त्या आहेत. टेलिग्राफ ऑफिसजवळची व्हिक्टोरिया तिथे आहे. १९६५ मध्ये काळा घोडा चौकातून हलवलेला सातव्या एडवर्डचा काळा घोडाही तिथेच. घारापुरीचा दगडी हत्तीसुद्धा तिथेच. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तो फुटला आणि पुढे १९१४ मध्ये त्याचे तुकडे जोडून तो इथे उभा केला गेला. त्या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं होतं.

शाळांच्या सहली मुंबईला येतात तेव्हा शिक्षक मुलांना स्टीव्हन्स, स्कॉट, विटेट ही नावं सांगतात. ती सांगायलाच हवीत, त्यांची कामं मोठी आहेत. त्याच दमात सीताराम खंडेराव वैद्य, मुकुंद रामचंद्र आणि कामाठी मजूर हेही सांगा. आणि रेल्वेला, विद्यापीठाला, महापालिकेला माझी विनंती आहे : या माणसांची नावं त्यांनी उभारलेल्या वास्तूंवर, रस्त्यावरून वाचता येतील अशा मोठ्या मराठी अक्षरांत, लावा.